सर्वनामे, साहाय्यक क्रियापदे आणि मर्फींचे निळे पुस्तक

रेमंड मर्फी यांचे 'इंग्लिश ग्रामर इन यूज' हे पुस्तक केम्ब्रिज युनिव्हर्सिटी प्रेसने १९८५ साली पहिल्यांदा प्रसिद्ध केले आणि २०१९ साली त्याची पाचवी आवृत्ती निघाली. शिकवणीशिवाय, घरच्या घरी इंग्रजी सुधारू पाहणाऱ्याला बहुधा याच निळ्या मुखपृष्ठाच्या पुस्तकाचे नाव सुचवले जाते आणि तो सल्ला चुकीचाही नाही. मात्र 'पुस्तक चांगले आहे' एवढ्यावर परीक्षण आटोपण्यात अर्थ नाही, कारण १४५ युनिटांचे पुस्तक सगळीकडे सारखेच चांगले असेल अशी अपेक्षाच धरता येत नाही. म्हणून येथे ते दोनच विषयांच्या कसोटीवर लावले आहे: सर्वनामे आणि साहाय्यक क्रियापदे. मत आधीच सांगून टाकतो. साहाय्यक क्रियापदे शिकण्यासाठी याहून चांगले पुस्तक माझ्या वाचनात नाही, सर्वनामांच्या बाबतीत ते अपुरे आणि विखुरलेले आहे, आणि या दोहोंचे इंग्रजी वाक्यात एकमेकांशी जे साटेलोटे असते ते या पुस्तकात जागोजागी दिसते, पण कोठेही उघड करून सांगितलेले नाही.

हेच दोन विषय निवडण्याला कारण आहे. नामे, विशेषणे आणि मुख्य क्रियापदे यांची इंग्रजीत सतत भर पडत असते, पण साहाय्यक क्रियापदांचे घर जवळजवळ बंद आहे. 'कॅन', 'कुड', 'मे', 'माइट', 'शॅल', 'शुड', 'विल', 'वुड' आणि 'मस्ट' ही नऊ मोडल क्रियापदे, आणि त्यांच्या जोडीला 'बी', 'हॅव' व 'डू' ही तीन, एवढ्या बारा शब्दांवर इंग्रजीतील नकार, प्रश्न, शक्यता, सक्ती आणि काळांचा बराचसा व्यवहार चालतो. सर्वनामेही अशीच मोजकी. त्यामुळे ज्यांचा शब्दसंग्रह भरपूर आहे, जे इंग्रजी वर्तमानपत्र न अडखळता वाचतात, त्यांच्याही बोलण्यात 'ही डिडन्ट वेन्ट', 'यू आर कमिंग, इझन्ट इट?' किंवा नुसते 'इज रेनिंग' असे काहीतरी निसटून जाते. या चुका आळसाच्या नाहीत. मराठी वाक्याची घडण ज्याच्या अंगात मुरलेली आहे त्याच्याकडून त्या होणे साहजिक आहे, आणि म्हणूनच एखादे पुस्तक त्या दुरुस्त करण्यास कितपत उपयोगी पडते हे पाहण्यासारखे आहे.

पुस्तकाची मांडणी ठाऊक नसलेल्यांसाठी थोडक्यात: प्रत्येक युनिट समोरासमोरच्या दोन पानांचे आहे, डाव्या पानावर स्पष्टीकरण आणि उजव्या पानावर त्याचे स्वाध्याय. व्याख्या जवळजवळ नाहीत, सिद्धान्त नाहीत, शब्दांची पदच्छेदाप्रमाणे वर्गवारी नाही. एक प्रसंग, त्यातील वाक्य, त्याचा अर्थ आणि त्यासारखी आणखी वाक्ये अशी पद्धत आहे. मोडल क्रियापदांना २६ ते ३७ ही बारा युनिटे दिली आहेत, प्रश्न आणि साहाय्यक क्रियापदे ४९ ते ५२ मध्ये येतात, आणि सर्वनामे 'प्रोनाउन्स अँड डिटर्मिनर्स' या शीर्षकाखाली ८२ पासून ९१ पर्यंत आहेत. त्यानंतर लगेच ९२ पासून संबंधी उपवाक्ये सुरू होतात.

साहाय्यक क्रियापद ओळखायचे कसे, याचे भाषाशास्त्रात रूढ झालेले चार निकष आहेत. ते 'नॉट' थेट आपल्यामागे लावून घेते, प्रश्नात कर्त्याच्या पुढे उडी मारते, मागच्या संपूर्ण क्रियापदाच्या ऐवजी एकटे उभे राहू शकते, आणि जोर देऊन उच्चारले की 'हो, खरोखरच' असा अर्थ आणते. मुख्य क्रियापदाला आजच्या इंग्रजीत यांपैकी एकही गोष्ट जमत नाही, म्हणून वाक्यात दुसरे कोणतेही साहाय्यक क्रियापद नसेल तेव्हा 'डू'ला हाक मारावी लागते. मर्फी हे चार निकष एकत्र देत नाहीत. पहिले तीन वेगवेगळ्या युनिटांत वापरातून समोर येतात. चौथ्याला, म्हणजे 'आय डू अंडरस्टँड' या जोराच्या 'डू'ला, स्वतंत्र युनिट मिळालेले नाही. बोलताना मतभेद व्यक्त करण्याची ती फार सोयीची युक्ती असल्यामुळे ही उणीव जाणवते.

'डू' ही काही सनातन गोष्ट नाही, हे मात्र येथे सांगण्याचा मोह आवरत नाही. १६११ च्या किंग जेम्स बायबलमध्ये मॅथ्यूच्या सव्विसाव्या अध्यायात पीटर येशूला ओळखण्याचे नाकारतो तेव्हा ७२ व्या वचनात 'आय डू नॉट नो द मॅन' असे म्हणतो आणि दोनच वचनांनंतर 'आय नो नॉट द मॅन' असे म्हणतो. माणूस तोच, प्रसंग तोच, अर्थही तोच, पण जुनी आणि नवी अशा दोन्ही रचना एकाच पानावर शेजारी नांदत आहेत. आज त्यांतील पहिलीच जिवंत आहे. मर्फींच्या पुस्तकात अशा ऐतिहासिक माहितीला जागा नाही, आणि ती असावी असा माझा आग्रहही नाही. परंतु 'हे 'डू' मध्येच कोठून आले?' या विद्यार्थ्याच्या रास्त प्रश्नाला पुस्तक उत्तरच देत नाही, एवढे खरे.

प्रश्नरचनेचे ४९ वे युनिट मात्र बारकाईने वाचावे असे आहे. मराठीत 'तू आलास' या वाक्याच्या शेवटी 'का' लावले की काम भागते, शब्दांना जागा सोडावी लागत नाही. इंग्रजीत जागेची अदलाबदल हाच प्रश्न असतो. येथवर बहुतेकांना माहीत असते. खरी गंमत 'हू' कर्ता असतो तेव्हा आहे. 'हू इन्व्हायटेड यू?' आणि 'हू डिड यू इन्व्हाइट?' ही दोन वाक्ये घ्या. पहिल्याचा अर्थ 'तुला कोणी बोलावले?' आणि दुसऱ्याचा 'तू कोणाला बोलावलेस?' मराठीने हा फरक सर्वनामाच्या विभक्तीत ठेवला आहे, 'कोणी' आणि 'कोणाला' असा. इंग्रजीतही 'हू' आणि 'हूम' असा भेद होता आणि औपचारिक लेखनात तो अजून दिसतो, पण बोलण्यात 'हूम' मागे पडले आणि तरीही कोणाचा गोंधळ होत नाही, कारण 'डिड' आले की 'हू' हे कर्म आहे आणि 'डिड' नसेल तर ते कर्ता आहे, हे ऐकणाऱ्याला लगेच कळते. सर्वनामाने सोडून दिलेले काम साहाय्यक क्रियापद करीत आहे. मर्फी ही दोन्ही प्रकारची वाक्ये शेजारी ठेवतात, स्वाध्यायात दोन्हींचा सराव करून घेतात आणि तेथेच थांबतात. विभक्तीच्या भाषेत वाढलेल्या वाचकाला एवढेच एक वाक्य जास्त मिळाले असते तर नियम पाठ करण्याची वेळच आली नसती.

पन्नासावे युनिट याच्या उलट बाजूचे. 'डू यू नो' किंवा 'ही आस्क्ड मी' यांच्या पोटात प्रश्न गेला की अदलाबदल रद्द होते आणि 'डू'ही निघून जाते: 'व्हेअर डज शी लिव्ह?' पण 'डू यू नो व्हेअर शी लिव्हज?' हे वाचून होकार देणे सोपे असते आणि बोलताना पाळणे कठीण. उजव्या पानाचे स्वाध्याय तोंडी, मोठ्याने करावेत हे उत्तम.

माझ्या मते संपूर्ण पुस्तकातील सर्वांत मोलाची दोन युनिटे म्हणजे ५१ आणि ५२. मराठीत कोणी विचारले, 'पत्र पाठवलेस का?', तर आपण 'पाठवले' असे म्हणतो, म्हणजे मुख्य क्रियापद परत उच्चारतो आणि कर्ता गाळतो. कर्ता कोण ते संदर्भावरून, अनेकदा क्रियापदाच्या प्रत्ययावरूनही, कळते. इंग्रजी बरोबर उलटे करते. 'हॅव यू सेंट द लेटर?' याला 'येस, आय हॅव' असे उत्तर येते, म्हणजे मुख्य क्रियापद गळते आणि सर्वनाम व साहाय्यक क्रियापद ही जोडी राहते. 'सेंट' एवढेच उत्तर देणारा मराठी माणूस चुकीचे बोलत नाही, मराठीच बोलत असतो. ५१ व्या युनिटात ही जोडी संभाषणात काय काय करते ते एका पानात पाहायला मिळते: ती उत्तर देते, समोरच्याचे म्हणणे खोडते, 'हॅव यू?' किंवा 'इज शी?' असे म्हणून उत्सुकता किंवा आश्चर्य दाखवते, 'सो डू आय' आणि 'नायदर हॅव आय' अशा रूपात री ओढते. आपल्याकडे उत्सुकतेसाठी 'हो का?' हे एकच नाणे सगळीकडे चालते. इंग्रजीत दर वेळी समोरच्याचे वाक्य ऐकून, त्यातील काळ, कर्ता आणि साहाय्यक क्रियापद उचलून ते नाणे नव्याने पाडावे लागते. याच युनिटाच्या शेवटी 'आय थिंक सो'चा नकार 'आय डोन्ट थिंक सो' असा होतो पण 'आय होप सो'चा नकार 'आय होप नॉट' असा होतो, हाही मुद्दा आहे. पान लहान, पण त्यावर वाया गेलेली ओळ नाही.

५२ वे युनिट क्वेश्चन टॅगचे. मराठीतील 'ना' किंवा 'हो ना' कोणत्याही वाक्याच्या शेपटीला बसते, म्हणून 'इझन्ट इट' हेही तसेच सर्वत्र बसेल असे वाटणे स्वाभाविक आहे. इंग्रजीत मात्र हा टॅग म्हणजे संपूर्ण वाक्याची चिमुकली प्रतिकृती असते. 'युवर सिस्टर कॅन ड्राइव्ह' या वाक्यातून 'कॅन' उचलायचे, होकार असेल तर नकार करायचा, 'युवर सिस्टर' या नामाऐवजी सर्वनाम ठेवायचे आणि जागांची अदलाबदल करायची, तेव्हा 'कान्ट शी?' तयार होते. चार कृती, आणि त्या बोलता बोलता, श्वास न थांबवता. 'आय अ‍ॅम राइट' या वाक्याला 'आरन्ट आय?' लागते आणि 'लेट्स गो' याला 'शॅल वी?' लागते, हे अपवाद मर्फी देतात. सूर खाली गेला तर केवळ दुजोरा हवा असतो आणि वर गेला तर खरोखरच विचारायचे असते, हेही ते स्पष्ट करतात. प्रसंग वाचून स्वतः टॅगसह वाक्य बनवायचे हा स्वाध्याय तर नुसत्या रिकाम्या जागा भरण्यापेक्षा कितीतरी पटींनी उपयुक्त आहे.

पण या युनिटाचा अर्धा भार सर्वनामांवर आहे आणि तो अर्धा भाग पुस्तकात फार पुढे, ऐंशीच्या पलीकडच्या युनिटांत राहतो. 'देअर इज अ प्रॉब्लेम, इझन्ट देअर?' यात 'देअर' हा कर्त्याच्या जागेवर कसा बसतो हे समजून घ्यायला ८४ वे युनिट वाचावे लागते. 'नोबडी केम, डिड दे?' या एका छोट्या वाक्यात तर दोन चकवे आहेत: 'नोबडी' स्वतःच नकारार्थी असल्यामुळे टॅग होकारार्थी येतो, आणि 'नोबडी' एकवचनी असूनही त्याच्या जागी 'दे' येते. त्याचे स्पष्टीकरण ८६ व्या युनिटात आहे. क्रमाने पुढे जाणारा वाचक टॅगपासून तेथवर पोहोचेपर्यंत मध्ये 'टू' आणि 'आयएनजी'ची सोळा युनिटे व नामांची तेरा युनिटे गेलेली असतात.

मोडल क्रियापदांची बारा युनिटे अर्थानुसार रचलेली आहेत आणि त्यांतील काही तर मराठी वाचकाला विशेष सोपी जावीत. 'मस्ट नॉट' आणि 'नीडन्ट' यांत अनेक भाषांचे विद्यार्थी अडकतात. आपल्याकडे 'जाऊ नये' आणि 'जायची गरज नाही' असा भेद आधीच चोख आहे, तेव्हा ३२ वे युनिट वाचताना दोन जुन्या ओळखीच्या माणसांना नवे कपडे घातलेले पाहिल्यासारखे वाटते. भूतकाळातील 'मस्ट'चेही तसेच. सक्ती असेल तर 'हॅड टू', म्हणजे 'जावे लागले'; अंदाज असेल तर 'मस्ट हॅव गॉन', म्हणजे 'गेला असणार'. एकाच 'मस्ट'च्या दोन वाटा भूतकाळात पूर्ण वेगळ्या होतात हे मर्फी वेगवेगळ्या युनिटांत दाखवतात, ज्याने ती एकत्र वाचली त्याला लगेच उमगते.

आपल्याला खरोखर नवे शिकवणारे युनिट २६ वे आहे. मराठीतील 'शकला' हे दोन गोष्टींसाठी चालते: अंगी असलेली क्षमता आणि एखाद्या वेळी प्रत्यक्ष साधलेले काम. इंग्रजीत 'ही कुड स्विम' म्हणजे त्याला पोहता येत असे. पण दार तुटले आणि त्या दिवशी तो निसटू शकला असे सांगायचे तर 'ही वॉज एबल टू एस्केप' किंवा 'ही मॅनेज्ड टू एस्केप' म्हणावे लागते, 'ही कुड एस्केप' तेथे बसत नाही. नकारात मात्र 'कुडन्ट' दोन्हीकडे निर्धोक चालते. हा फरक इतका बारीक आहे की चांगले इंग्रजी लिहिणाऱ्यांच्याही हातून तो सुटतो, आणि मर्फी तो दोन-चार वाक्यांत लख्ख करतात.

येथे एक तक्रार नोंदवायला हवी. अर्थानुसार तुकडे पाडल्यामुळे मोडल क्रियापदांचे सामाईक वागणे नजरेआड होते. तृतीय पुरुषी एकवचनात त्यांना 'एस' लागत नाही, 'ऑट टू' हा अपवाद सोडला तर पुढे 'टू' येत नाही, आणि प्रमाण इंग्रजीत दोन मोडल सलग येत नाहीत म्हणून 'विल कॅन' ऐवजी 'विल बी एबल टू' म्हणावे लागते. तसेच साहाय्यक क्रियापदे एकापुढे एक आली तर त्यांचा क्रम ठरलेला असतो: आधी मोडल, मग पूर्ण काळाचे 'हॅव', मग चालू काळाचे 'बी', मग कर्मणी प्रयोगाचे 'बी', आणि प्रत्येक शब्द आपल्यापुढच्या शब्दाचे रूप ठरवतो. 'द लेटर मस्ट हॅव बीन पोस्टेड' यात 'मस्ट'मुळे 'हॅव' मूळ रूपात राहिले, 'हॅव'मुळे 'बी'चे 'बीन' झाले आणि 'बीन'मुळे 'पोस्ट'चे 'पोस्टेड' झाले. हा एक नियम समजला की 'डिडन्ट वेन्ट' ही चूक होणेच शक्य नाही, कारण भूतकाळ 'डिड'ने घेतला की पुढच्या क्रियापदाकडे घेण्यासारखे काही उरतच नाही. हा क्रम पुस्तकात एका ठिकाणी मांडलेला मला आढळला नाही. चौथे परिशिष्ट मोडल क्रियापदांचा आढावा घेते, पण तोही प्रामुख्याने उपयोगांचा.

पाचवे परिशिष्ट संक्षिप्त रूपांचे आहे आणि ते लहान असूनही दुर्लक्ष करण्यासारखे नाही. 'शी'ज' मधील शेपूट 'इज'ची की 'हॅज'ची, आणि 'ही'ड' मधील 'हॅड'ची की 'वुड'ची, हे पुढच्या क्रियापदाचे रूप पाहूनच ठरते. 'ही'ड गॉन' म्हणजे 'हॅड', 'ही'ड गो' म्हणजे 'वुड'. फक्त 'यू'ड बेटर गो' यात 'गो' असूनही तो 'हॅड' आहे, आणि तो का हे ३५ व्या युनिटात सापडते.

आता सर्वनामे. 'प्रोनाउन्स अँड डिटर्मिनर्स' या दहा युनिटांपैकी पहिली तीनच खऱ्या अर्थाने सर्वनामांची आहेत. पुढची 'सम', 'एनी', 'मच', 'मेनी', 'ऑल', 'बोथ', 'ईच' अशा शब्दांना दिलेली आहेत आणि त्यांच्या ओघात सर्वनामे येऊन जातात. 'आय', 'मी', 'माय', 'माइन' यांच्या रूपांना निळ्या पुस्तकात स्वतंत्र युनिट नाही. ती लेखकाच्याच प्राथमिक पातळीवरील 'इसेन्शियल ग्रामर इन यूज' या लाल पुस्तकात आहेत. निळे पुस्तक मध्यम पातळीसाठी आहे, तेव्हा हे क्षम्य मानले, तरी कर्ता आणि कर्म यांच्या रूपांचा प्रश्न प्राथमिक पातळीवर संपत नाही. 'शी इज टॉलर दॅन आय' की 'दॅन मी' यावर लिहित्या माणसांतही वाद होतात. त्याचे उत्तर येथे आहे, पण ते तुलनेच्या १०७ व्या युनिटात दडलेले आहे: बोलण्यात 'दॅन मी', आणि 'आय' वापरायचेच असेल तर पुढे साहाय्यक क्रियापद जोडून 'दॅन आय अ‍ॅम'. सर्वनामाला एकटे ठेवायचे की सोबत साहाय्यक क्रियापद द्यायचे यावर त्याचे रूप ठरते, हे पुन्हा तेच साटेलोटे; आणि पुन्हा ते भलत्याच प्रकरणात.

८२ वे युनिट 'मायसेल्फ', 'युवरसेल्फ' यांचे आहे आणि जगभरासाठी लिहिलेल्या पुस्तकाची मर्यादा तेथे सर्वांत स्पष्ट दिसते. 'फील', 'रिलॅक्स', 'कॉन्सन्ट्रेट', 'मीट' यांच्यापुढे आत्मवाचक सर्वनाम लावू नये, 'वॉश', 'शेव्ह', 'ड्रेस' यांच्यापुढेही सहसा लावत नाहीत, असे मर्फी बजावतात. ही सूचना फ्रेंच, स्पॅनिश किंवा जर्मन भाषकांना आवश्यक आहे, कारण त्यांच्या भाषांत अशा कित्येक क्रियापदांना आत्मवाचक सर्वनाम चिकटलेलेच असते. मराठी माणूस 'आय रिलॅक्स्ड मायसेल्फ' असे क्वचितच म्हणेल. त्याची अडचण दुसरीकडे आहे. 'एन्जॉय'पुढे कर्म हवे असताना तो 'वी एन्जॉइड अ लॉट' म्हणून मोकळा होतो, आणि ओळख करून देताना 'मायसेल्फ अमुक अमुक' अशी सुरुवात करतो, जेथे 'आय अ‍ॅम' हे सर्वनाम आणि साहाय्यक क्रियापद दोन्ही हवे असतात. 'एन्जॉय युवरसेल्फ' या युनिटात सापडेल. 'मायसेल्फ अमुक'वर औषध सापडणार नाही. आपल्या मुलाखतींत आणि सभांत ते इतके रुळले आहे की त्यासाठी आपल्या मास्तरांनाच पुस्तकाबाहेर यावे लागेल.

८३ व्या युनिटात 'अ फ्रेंड ऑफ माइन' आणि 'माय ओन' यांचा उपयोग आहे. येथे मराठीची एक सोय आठवते. 'त्याने आपली वही दिली' आणि 'त्याने त्याची वही दिली' यांत वही कोणाची हे 'आपली'मुळे बरेचसे निश्चित होते, तर इंग्रजीत दोन्हींसाठी 'ही गेव्ह हिज नोटबुक' एवढेच आहे. गरज पडली तर 'हिज ओन' म्हणून संदिग्धता दूर करता येते. 'आपण' आणि 'आम्ही' हा भेदही 'वी'मध्ये बुडून जातो. पुस्तक याबद्दल काही सांगत नाही, सांगण्याची अपेक्षाही नाही. पण मराठीतून इंग्रजीत मजकूर नेणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे.

८४ व्या युनिटाचे मोल मात्र वादातीत आहे. पाऊस पडतो, उशीर होतो, अंधार पडतो. मराठीत या वाक्यांना बाहेरून कर्ता आणावा लागत नाही. इंग्रजी वाक्याला कर्त्याची जागा रिकामी चालतच नाही, आणि त्याचे कारण पुन्हा क्रियापदाकडे जाते: प्रश्नात साहाय्यक क्रियापदाने उडी मारायची तर कोणाच्या पुढे मारायची? म्हणून 'इट इज रेनिंग' आणि 'इज इट रेनिंग?' या वाक्यांतील 'इट' अर्थाने पोकळ असले तरी घडणीने अपरिहार्य आहे. 'देअर' आणि 'इट' यांतील फरक, म्हणजे काहीतरी आहे असे प्रथम सांगायचे तर 'देअर' आणि आधी उल्लेख झालेल्या गोष्टीविषयी बोलायचे तर 'इट', हा मर्फींनी उत्तम मांडला आहे.

राहिला 'दे'चा प्रश्न. 'एव्हरीबडी', 'समबडी', 'नोबडी' यांच्या जागी 'दे', 'देम', 'देअर' वापरावे, असे हे पुस्तक कोणतीही सारवासारव न करता सांगते. आपल्याकडील अनेक शालेय व्याकरणांत अजूनही 'एव्हरीबडी लव्हज हिज कंट्री' हेच एकमेव शुद्ध रूप म्हणून शिकवले जाते. 'हिज'मध्ये स्त्रियांचाही समावेश धरावा, असे ब्रिटिश संसदेने १८५० मध्ये कायद्यांच्या भाषेसाठी अधिकृतपणे ठरवून दिले होते. पण एका व्यक्तीसाठी 'दे' हा वापर त्याआधी काही शतके, चौदाव्या शतकापासून, इंग्रजीत आहेच. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने २०१९ च्या आपल्या लेखनपुस्तिकेत त्याला औपचारिक लेखनातही मान्यता दिली. मराठी वाचकाला एका माणसासाठी अनेकवचन हे चमत्कारिक वाटण्याचे कारणच नाही. आपण 'सर आले आहेत' असे दिवसभर म्हणत असतो, फक्त आपले कारण आदर हे आहे आणि इंग्रजीचे कारण व्यक्ती निश्चित नसणे हे आहे. क्रियापद मात्र 'दे'च्या मागे बहुवचनीच येते, 'दे आर', 'दे हॅव', जसे एका माणसाला उद्देशूनही 'यू आर' असेच म्हणतात, कारण 'यू'ही मुळात अनेकवचनी आहे.

पुस्तक विकत घेणाऱ्याने ते पहिल्या युनिटापासून क्रमाने वाचायला घेऊ नये. खुद्द पुस्तकाच्या शेवटी कोणती युनिटे आपल्याला लागतील हे शोधण्यासाठी प्रश्नावली दिली आहे, तीही हेच सुचवते. या दोन विषयांपुरता माझा क्रम असा राहील: आधी ४९ आणि ५०, लगेच ८४, मग ५१, मग ८६ मधील 'नोबडी' आणि 'दे', आणि त्यानंतर ५२. टॅगवर हात बसला की २६ पासून मोडल क्रियापदे घ्यावीत, त्यांत ३१ व ३२ एका बैठकीत, आणि २७ व २८ एका बैठकीत. ८२ आणि ८३ केव्हाही चालतील. ज्यांना 'आय' आणि 'मी' यांतच अडखळायला होते त्यांनी निळ्याच्या आधी लाल पुस्तक घ्यावे. निळे त्यांना हताश करील. ज्यांना वाक्य सुट्टे करून त्याचे व्याकरण चालवण्यात रस आहे किंवा ज्यांच्या परीक्षेत तसे प्रश्न येतात, त्यांचे या पुस्तकावर भागणार नाही. पुस्तकाचे इंग्रजी ब्रिटिश वळणाचे आहे आणि अमेरिकन वेगळेपणा सातव्या परिशिष्टात दिला आहे, हेही कामापुरते लक्षात असावे. उत्तरे असलेली आणि उत्तरे नसलेली अशा दोन्ही प्रती बाजारात मिळतात. नसलेली प्रत वर्गात शिकवण्यासाठी काढलेली आहे, तेव्हा एकट्याने अभ्यास करणाऱ्याने मुखपृष्ठावर 'विथ आन्सर्स' हे शब्द पाहूनच पैसे द्यावेत.